करार मोडतो कधी, ते आधी बघा : हॉब्ज, लॉक, रूसो आणि १८७५ चं बडोदं

१८७५ च्या एप्रिलमध्ये इंग्रज सरकारने मल्हारराव गायकवाडांना बडोद्याच्या गादीवरून दूर केलं. २७ मे रोजी नाशिककडच्या कवळाण्याचा गोपाळ नावाचा बारा वर्षांचा मुलगा महाराणी जमनाबाईंनी दत्तक घेतला आणि तो गादीवर बसला. तेच पुढे सयाजीराव तिसरे. मधले काही आठवडे गादी रिकामी होती, पण म्हणून शेतसारा माफ झाला नव्हता की चोरी करायला मोकळीक मिळाली नव्हती. त्या आठवड्यांत बडोदेकरांनी हुकूम पाळायचा तो कोणाचा, आणि का?

आपल्या बडोद्याच्या दांडिया बाजारात आणि रावपुऱ्यात सयाजीरावांच्या निवडीची गोष्ट लहान पोरालाही माहीत असते. पण ती सांगताना हा प्रश्न कोणी विचारत नाही. सामाजिक कराराचं, म्हणजे राज्याची आज्ञा लोकांनी एकमेकांत केलेल्या करारामुळे पाळायची असते या कल्पनेचं, तत्त्वज्ञान समजून घ्यायला मला तरी यापेक्षा चांगली जागा दिसत नाही. पाठ्यपुस्तकांत हा विषय तीन युरोपीय तत्त्वज्ञांच्या तीन रकान्यांच्या तक्त्यात येतो: हॉब्जच्या मते माणूस वाईट, लॉकच्या मते बरा, रूसोच्या मते चांगला. परीक्षेपुरतं ते ठीक आहे, पण तिन्ही रकाने चुकीचे आहेत.

चूक होते ती क्रमामुळे. निसर्गावस्था (म्हणजे राज्यच नसतानाची स्थिती), मग मनुष्यस्वभाव, मग करार, मग राज्य असं वाचत गेलं की सगळं जंगलातल्या गोष्टीसारखं वाटतं आणि मग विद्यार्थी विचारतो, ‘असा करार कुठे झाला होता?’ झाला नव्हता. हॉब्जलाही ते ठाऊक होतं. सगळ्या जगभर अशी अवस्था कधी होती असं मला वाटत नाही, असं तो स्वतःच लिहून ठेवतो. म्हणून उलटं वाचा. आधी हे शोधा की त्या लेखकाच्या मते आज्ञापालन संपतं कधी. ते कलम सापडलं की मागे जाऊन बघा, ते तसं यावं म्हणून त्याने माणसाचा स्वभाव कसा मांडून घेतला आहे.

हॉब्जपासून सुरुवात करू. त्याचं पुस्तक ‘लेव्हायथन’ १६५१ चं, इंग्लंडच्या यादवी युद्धात राजाचा शिरच्छेद होऊन दोन वर्षं झाली होती तेव्हाचं. एकविसाव्या प्रकरणात तो सांगतो की प्रजेचं बंधन सार्वभौमाची संरक्षण देण्याची ताकद टिकते तोवरच असतं, पुढे नाही. राजा दुष्ट आहे, लुबाडतो, दरबारात अन्याय होतो, यांपैकी कशानेही बंधन तुटत नाही, कारण राजाने करार केलेलाच नसतो. करार प्रजेने आपापसांत केला, ‘तू तुझा हक्क सोड, मीही सोडतो’ असा. राजा त्या कराराचा लाभ घेणारा, त्यातला पक्षकार नव्हे. त्यामुळे राजाने करार मोडला असं म्हणताच येत नाही. तरीही माणसाकडे काही उरतंच. स्वतःला मारून घे असा हुकूम पाळायला कोणी बांधलेला नाही, आणि पकडायला आलेल्यांना प्रतिकार केला तर तो करारभंग होत नाही. जीव वाचवण्यासाठी केलेल्या करारात जीव देऊन टाकण्याचं कलम कसं बसेल? बाकी स्वातंत्र्य म्हणजे कायदा जिथे गप्प आहे तेवढी जागा.

आता मागे तेराव्या प्रकरणात या. तिथे माणूस पापी आहे असं म्हटलेलंच नाही. म्हटलंय ते हे, की माणसं जवळपास सारखी असतात. सर्वांत दुबळा माणूसही कपटाने किंवा चार जण जमवून सर्वांत बलवानाला मारू शकतो. भांडणाची कारणं तीन: स्पर्धा, एकमेकांविषयीचा अविश्वास आणि मानाची हाव. यांतलं मधलं कारण खरं इंजिन आहे. मी सज्जन असेन, तूही असशील, पण तू सज्जन आहेस याची मला खात्री नाही, म्हणून शहाणपणाने मीच आधी हात उचलतो. दुष्टपणा लागतच नाही.

बडोद्याच्या १८७४ च्या प्रकरणात याचं तंतोतंत उदाहरण आहे. ९ नोव्हेंबरला रेसिडेंट, म्हणजे दरबारातले इंग्रज सरकारचे प्रतिनिधी, कर्नल फेअर यांच्या पपनसाच्या सरबतात सोमल आणि हिऱ्याची भुकटी सापडली असा आरोप झाला. कोणी घातलं, का घातलं, यावर आजही वाद घाला. हॉब्जच्या दृष्टीने मुद्दा इतकाच की ज्याच्यामागे साम्राज्याची फौज उभी आहे, त्याचा ग्लास कोणत्याही हुजऱ्याच्या हाताच्या अंतरावर असतो. समानता म्हणजे हॉब्जला हेच अभिप्रेत आहे, आणि म्हणून ती त्याला भीतिदायक वाटते.

रिकाम्या गादीच्या प्रश्नाला हॉब्जचं उत्तर कोरडं आहे: जो राखतो त्याचा हुकूम पाळा. आणि तो असंही म्हणेल की ज्याला दुसरा कोणी उठवू शकतो तो सार्वभौम नव्हेच, म्हणजे मल्हारराव एप्रिलच्या आधीही सार्वभौम नव्हते. जिंकून मिळवलेलं राज्य आणि आपसांत ठरवून उभं केलेलं राज्य यांत तो भेद करतो, पण बंधन दोन्हींत सारखंच मानतो, कारण दोन्हीकडे संमती भीतीपोटी आलेली असते आणि भीतीपोटी दिलेली संमती त्याच्या मते संमतीच. जहाज बुडू नये म्हणून माल समुद्रात फेकणारा माणूस तो स्वखुशीनेच फेकतो, हा त्याचा दाखला. हॉब्जमधलं हे सर्वांत कच्चं पान आहे असं माझं मत. समुद्राने त्या माणसाकडून काही मागितलं नव्हतं, तलवारवाला मागतो.

इथे नेहमी कोणीतरी म्हणतं, हे सगळं आपल्याकडे आधीच होतं. होतं, पण काय होतं ते नीट बघावं. महाभारताच्या शांतिपर्वात, राजधर्मात, मोठा मासा लहानाला गिळतो त्या मत्स्यन्यायाने त्रासलेले लोक आधी आपसांतच नियम ठरवतात, कठोर बोलणाऱ्याला, परस्त्रीवर हात टाकणाऱ्याला वाळीत टाकायचं वगैरे. तो करार टिकत नाही, तेव्हा ते ब्रह्मदेवाकडे जाऊन राजा मागतात. म्हणजे हॉब्जच्याही एक पायरी पुढची निरीक्षणशक्ती: राजाविना केलेला करार का कोसळतो ते तिथे घडताना दिसतं. मनूला राजा हो म्हटलं तर तो आधी नकार देतो, कारण खोटेपणाने वागणाऱ्या माणसांवर राज्य करायचं म्हणजे पापाची भीती. लोक म्हणतात, पाप करणाऱ्याचं त्याच्याकडे. तुला आम्ही पशू आणि सोन्याचा पन्नासावा आणि धान्याचा दहावा भाग देऊ. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात हीच कथा गुप्तहेरांच्या तोंडी येते आणि धान्याचा भाग तिथे सहावा आहे. दीघनिकाय या बौद्ध ग्रंथातल्या अग्गञ्ञसुत्तात लोक आपल्यातलाच एक जण निवडून त्याला भाताचा वाटा देतात आणि महासंमत म्हणतात; तिथे तर देवही मध्ये नाही. फरक हा की या कथांत राजा वाटाघाटीला बसतो, दर ठरतो, म्हणजे तो पक्षकार आहे. म्हणूनच अनुशासनपर्व म्हणू शकतं की ‘मी रक्षण करीन’ असं सांगून जो करत नाही, त्या राजाला पिसाळलेल्या कुत्र्यासारखं सर्वांनी मिळून मारावं. हॉब्जला हे वाक्य लिहिताच आलं नसतं. याबाबतीत आपली परंपरा लॉकच्या जवळची आहे, फक्त तिच्यात सभा, मतदान, कर मंजूर करण्याची यंत्रणा असं काही नाही. राजा चुकला तर थेट दंगा, मधलं काही नाही.

लॉकचे राज्यसत्तेवरचे दोन प्रबंध १६८९ च्या अखेरीस निनावी बाहेर आले, मुखपृष्ठावर साल १६९०. शेवटचं, एकोणिसावं प्रकरण आधी वाचा. तिथे सरकार म्हणजे विश्वस्त. ज्यासाठी सत्ता सोपवली तेच, म्हणजे जीवित, स्वातंत्र्य आणि मालमत्ता, सरकार लुबाडू लागलं की विश्वास संपतो आणि सत्ता लोकांकडे परत येते. किरकोळ चुकांवर लोक उठत नाहीत, एकाच दिशेने जाणाऱ्या गैरवर्तनांची लांबलचक मालिका लागते, हेही तो सांगतो, आणि तो इतिहासाला धरून आहे.

मागे नवव्या प्रकरणात गेलं की कळतं, लॉकची निसर्गावस्था गोडीगुलाबीची नाही. कोणाच्या जीवाला, आरोग्याला, स्वातंत्र्याला, मालमत्तेला धक्का लावू नये हा नियम सगळ्यांना बुद्धीने कळतो, पण तीन गोष्टी नसतात: सर्वांना ठाऊक असलेला ठरलेला कायदा, निःपक्ष न्यायाधीश, आणि निकाल अमलात आणणारं बळ. यांतला दुसरा अभाव लॉकचं सगळं पुस्तक चालवतो. स्वतःच्या खटल्यात माणूस स्वतःच न्यायाधीश झाला की तो स्वतःला झुकतं माप देतो आणि दुसऱ्याला जास्त शिक्षा करतो. माणूस वाईट नाही, पक्षपाती आहे.

आता मल्हाररावांचा खटला लॉकच्या हाती द्या. वरवर तर लॉकचाच विजय: राज्यकारभार बिघडला, विश्वस्त दूर केला. पण चौकशी कोणी केली? सहा जणांचा आयोग, अध्यक्ष सर रिचर्ड काउच. तिघे इंग्रज आणि तिघे हिंदी: ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज रामसिंह आणि सर दिनकरराव. विषप्रयोगाबाबत तीन इंग्रजांनी दोषी ठरवलं, तिन्ही हिंदी सदस्यांना आरोप सिद्ध झाला असं वाटलं नाही. तीन-तीन अशी फूट पडल्यावर सरकारने विषाचा मुद्दा बाजूला ठेवून गैरकारभाराच्या कारणावर गादीवरून काढलं आणि मल्हाररावांची रवानगी मद्रासला झाली. फिर्यादी इंग्रज सरकार, न्यायाधीश नेमणारं तेच, निकाल जुळला नाही तेव्हा कारण बदलणारंही तेच. लॉकने निसर्गावस्थेचा जो दोष दाखवला तो इथे राज्य अस्तित्वात असताना, त्याच्या वरच्या मजल्यावर दिसतो. विश्वास मोडला की नाही हे ठरवणार कोण, या प्रश्नाला लॉकचं उत्तर आहे ‘लोक’. बडोद्याच्या लोकांना कोणी विचारलं नव्हतं. ना मल्हारराव काढताना, ना गोपाळराव आणताना.

मूक संमतीचं कलम लॉकमध्ये सगळ्यांना अडतं. एखाद्या राज्यात जमीन धरली, आठवडाभर मुक्काम केला, इतकंच काय नुसता हमरस्त्यावरून प्रवास केला तरी तिथल्या कायद्याला संमती दिली असं तो एकशे एकोणिसाव्या परिच्छेदात म्हणतो. मग एखादा सावलीहून सकाळच्या बसने येऊन मांडवीत काम उरकून परत गेला तरी त्यालाही संमती दिल्याचं धरायचं. बरेच जण इथेच लॉकला सोडून देतात, पण पुढचे तीन परिच्छेद वाचले पाहिजेत. अशा संमतीने माणूस त्या राज्याचा सभासद होत नाही, तिथे असेपर्यंत कायदा पाळायला बांधला जातो, आणि जमीन विकून निघून गेला की सुटतो. तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने १७४८ मध्ये यावर घाव घातला तो नेमका ‘निघून गेला’ या शब्दांवर. ज्या गरिबाला दुसरी भाषा येत नाही, रोजच्या मजुरीवर पोट आहे, तो राहिला म्हणून त्याने संमती दिली म्हणायचं, तर झोपेत जहाजावर नेऊन टाकलेला माणूसही समुद्रात उडी मारत नाही म्हणजे कप्तानाची सत्ता मान्य करतो असं म्हणावं लागेल. याला पटेल असं उत्तर लॉकच्या बाजूने मला अजून वाचायला मिळालेलं नाही.

रूसोच्या ‘सामाजिक करार’ या पुस्तकाचं साल १७६२. त्याच वर्षी त्याच्या जन्मगावी, जिनिव्हात, ते जाळलं गेलं. रूसोकडे सरकारशी करार असा प्रकारच नाही. सरकार नेमलेला कारकून, लोकांना वाटेल तेव्हा काढता येण्याजोगा. करार एकच, प्रत्येकाचा सर्वांशी, आणि सार्वभौम म्हणजे एकत्र बसलेले लोक. म्हणून सत्ता संपते ती लोकांच्या जागी दुसरं कोणी कायदा करू लागलं की. इंग्रज लोक पार्लमेंट निवडतात तेवढ्या वेळापुरतेच स्वतंत्र असतात, निवडून झालं की गुलाम, हा त्याचा टोला तिसऱ्या पुस्तकाच्या (ग्रंथाच्या भागांना तो ‘पुस्तक’ म्हणतो) पंधराव्या प्रकरणात आहे.

स्वभावाचा भाग वाचायचा तर १७५५ चा विषमतेवरचा निबंध घ्या. रूसोचा मूळ माणूस ‘चांगला’ नाही. त्याला चांगलं-वाईट कळण्याइतकी नातीच नाहीत. त्याच्याकडे स्वतःला जपण्याची इच्छा आहे आणि दुसऱ्याचं दुःख बघून होणारी कणव आहे. बिघाड होतो तो पुढे, दुसऱ्याच्या नजरेतून स्वतःला मोजण्याची सवय लागली की. आणि त्या निबंधात पहिला करार चक्क लबाडीचा आहे: जमिनीला कुंपण घातलेले श्रीमंत गरिबांना म्हणतात, चला, सगळ्यांच्या रक्षणासाठी कायदे करू. हॉब्ज आणि लॉक ज्याला तोडगा म्हणतात, त्याची ही रूसोने केलेली शवचिकित्सा आहे, आणि १७६२ चं पुस्तक दुसरा, खरा करार कसा असावा याचं. दोन्ही न वाचता एकच वाचलं की रूसो स्वतःशी विसंगत वाटतो.

त्याची ‘सामूहिक इच्छा’ म्हणजे बहुमत हा सगळ्यांत जास्त होणारा घोटाळा. सगळ्यांच्या खासगी इच्छांची बेरीज वेगळी. सामूहिक इच्छा फक्त सर्वांना सारख्या लागू होणाऱ्या, सर्वांनी मिळून केलेल्या नियमात व्यक्त होते. पन्नास घरांनी एकावन्नाव्या घराचं पाणी तोडायचं ठरवलं तर ते बहुमत आहे, सामूहिक इच्छा नव्हे, कारण विषय एका घराचा आहे.

‘स्वतंत्र व्हायला भाग पाडणं’ हा रूसोचा बदनाम वाक्प्रयोग बडोद्यात तपासून बघता येतो. सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण प्रयोग म्हणून सुरू केलं आणि १९०६ मध्ये ते राज्यभर लागू केलं. मूल शाळेत पाठवलं नाही तर पालकाला दंड. हॉब्ज म्हणेल, पालकाचं स्वातंत्र्य तेवढ्यापुरतं कमी झालं, आणि सार्वभौमाला तो अधिकार आहेच. लॉक सहाव्या प्रकरणाकडे बोट दाखवेल: बापाची सत्ता मूल वाढवण्याच्या कर्तव्यातून येते, आणि जिथे कायदा नाही तिथे स्वातंत्र्यही नाही. रूसोकडून पटकन पाठिंबा मिळेल असं वाटतं, पण मिळत नाही. भाग पाडणारा कायदा भाग पाडल्या जाणाऱ्यांनी मिळून केलेला असला तरच तो स्वातंत्र्य देतो. इथे तो एका सुज्ञ राजाने केला. कायदे घडवणाऱ्या असामान्य पुरुषासाठी रूसोने दुसऱ्या पुस्तकात जागा ठेवली आहे खरी, पण अट अशी की त्याच्या हाती राज्य नसावं. स्पार्टाचा लायकर्गस याने कायदे देण्याआधी गादी सोडली हा त्याचा दाखला. सयाजीरावांनी दोन्ही स्वतःकडे ठेवलं. धारासभा, म्हणजे कायदेमंडळ, आली तरी शेवटचा शब्द महाराजांचाच. माझ्या मते १९०६ चा कायदा योग्य होता, आणि रूसोच्या कसोटीला तो उतरत नाही, हे दोन्ही एकदम मान्य करायला हरकत नाही.

इथवर प्रश्न होता न्यायाधीश कोण हा. त्याहून अवघड प्रश्न, पक्षकार कोण, हाही याच गावात समोर येतो. डॉ. आंबेडकरांना सयाजीरावांनी १९१३ मध्ये अमेरिकेतल्या शिक्षणासाठी शिष्यवृत्ती दिली आणि त्या बदल्यात दहा वर्षं बडोदा राज्याची नोकरी करायचा करारनामा झाला. दोन पक्षकार, मोबदला, मुदत, सह्या: कोणत्याही तत्त्वज्ञाला हवा असतो तसा खराखुरा करार. १९१७ मध्ये ते तो पाळायला आले तेव्हा राहायला जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून ते राहिले. काही दिवसांत काठ्या घेतलेल्या जमावाने येऊन जागा खाली करायला लावली. एक हिंदू आणि एक ख्रिस्ती अशा दोन मित्रांनीही कारणं सांगून आसरा नाकारला. त्यांनी कमाठीबागेत, म्हणजे आजच्या सयाजीबागेत, गाडीच्या वेळेपर्यंत बसून काढलं आणि मुंबई गाठली. हे त्यांनीच लिहून ठेवलं आहे.

राजा संरक्षण द्यायला तयार, कायदा विरोधात नाही, करार लेखी. तरीही खोली नाही. हॉब्ज, लॉक, रूसो तिघांचंही यंत्र व्यक्ती आणि राज्य यांच्यामध्ये दुसरं काही नाही असं धरून चालतं. जात ही नेमकी त्या मधल्या जागेतली सत्ता. निसर्गावस्थेतून बाहेर पडण्याआधीच हॉब्जने एक अट घातली होती, पंधराव्या प्रकरणातला नववा निसर्गनियम: प्रत्येकाने दुसऱ्याला जन्मतः आपल्या बरोबरीचा मानावं. न मानणं म्हणजे गर्व. ती अट पाळली गेली नाही तर करारात शिरायचं दारच बंद. पाश्चात्त्यांनाही हे उशिरा सुचलं. गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीत लॉकची स्वतःची गुंतवणूक होती. कॅरोल पेटमन यांनी १९८८ मध्ये स्त्रियांच्या बाबतीत आणि चार्ल्स मिल्स यांनी १९९७ मध्ये वंशाच्या बाबतीत दाखवलं की अनेकदा करार ‘आपल्यातल्यां’चा असतो, आणि बाकीचे त्या कराराचा विषय असतात. अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन रॉल्सने १९७१ मध्ये अज्ञानाचा पडदा टांगून, आपण कोण जन्मणार हे ठाऊक नसताना नियम ठरवा असं सुचवलं; जातीच्या प्रश्नावर तो चांगलाच लागू पडतो, फक्त पडद्यामागून बाहेर आल्यावर काठी घेतलेल्यांचं काय करायचं ते तिथून कळत नाही.

वाचायला बसणार असाल तर एवढं पुरे. हॉब्जची १३ ते १८ आणि २१ ही प्रकरणं. पंधरावं लांबतं, पण नवव्या नियमासाठी वाचाच. लॉकच्या फक्त दुसऱ्या प्रबंधातली २, ५, ८, ९, ११, १९. पहिला प्रबंध राजाची सत्ता दैवी मानणाऱ्या फिल्मरच्या खंडनाचा आहे, तो ठेवून द्या. पाचवं प्रकरण मालमत्तेचं. त्यात ‘माझ्या नोकराने कापलेली हरळीची ढेकळं माझी’ अशा अर्थाचं वाक्य येतं, तिथे थांबून विचार करा की नोकराच्या श्रमाचा हक्क मालकाकडे कोणत्या वाटेने गेला. लॉक ते सांगत नाही. रूसोचं पहिलं पुस्तक पूर्ण, दुसऱ्याची पहिली सात प्रकरणं, तिसऱ्याची १० ते १८. चौथ्या पुस्तकातली रोमन मतदानाची पानं कंटाळवाणी आहेत, सोडली तरी बिघडत नाही. मात्र शेवटून दुसरं, नागरी धर्माचं प्रकरण चुकवू नका: राज्याची मोजकी धर्मतत्त्वं जो मानत नाही त्याला हद्दपार करावं, आणि मानतो असं जाहीर करून तसं वागत नाही त्याला देहदंड द्यावा, असं त्यात लिहिलेलं आहे.